भात कुणाचा, आभार कुणाचे

पळस्पे फाट्याहून कोनच्या दिशेने वळलं की पनवेल तालुक्याचे दोन काळ एकाच नजरेत मावतात. एका हाताला गुडघाभर पाण्यात उभी असलेली भातखाचरं, दुसऱ्या हाताला मान वर करून मजले मोजावे लागतील असे टॉवर. मधून कोन-सावळे रस्ता जातो आणि जवळच द्रुतगती मार्गावर पुण्याकडे निघालेल्या गाड्यांची घरघर चालू असते. अश्विनात खाचरांतलं हळवं भात पिवळं पडायला लागतं. कोकणातल्या जुन्या घरांच्या दारावर या दिवसांत आंब्याच्या पानांबरोबर भाताची लोंबी बांधतात. त्याला ‘नवं’ बांधणं म्हणतात. टॉवरच्या दारांना लोंबी क्वचितच दिसते. तिथे पाटीवर नाव असतं, काही पाट्यांच्या वर लहानसा क्रूस असतो आणि त्याखाली बायबलातलं एखादं वचन.

कोनला वसईसारखी चार-साडेचार शतकांची ख्रिस्ती वस्ती नाही. इथे आलेली ख्रिस्ती कुटुंबं महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून, घराच्या किमती परवडतात म्हणून आलेली. ती आपल्याबरोबर जे घेऊन येतात त्यात एक सवय हमखास असते. नव्या घरात पाऊल टाकलं की शेजारीपाजारी आणि मंडळीतले चार लोक बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची. मूल झालं, मुलगी दहावी पास झाली, आजोबा इस्पितळातून घरी आले, तरी उपकारस्तुती. चहा-वेफर्सच्या आधी दोन गीतं, एक वचन, एक साक्ष. वरवर पाहता हा घरगुती, निरुपद्रवी प्रकार. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात आभार मानणं ही निरुपद्रवी गोष्ट कधीच नव्हती. कुणाचे आभार, कशाबद्दल, आणि आभार मानले म्हणजे मान खाली घालायची का, या प्रश्नांवर इथे दीडशे वर्षं झुंज चालली आहे.

सुरुवात भातापासूनच करू. मुंबई, ठाणे, वसई-उत्तन पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा ‘आगेरा’ हा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो, म्हणजे ‘नवं’ बांधण्याच्याच दिवसांत. भात पिकवणारे हे मूळचे इथलेच लोक. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा. गोव्याहून आणि मंगळूरहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण सरकारला कळावं, हा त्यामागचा व्यवहार. नाव कंपनी सरकारच्या वळणाचं, पण नेसण लुगड्याचं, बोली मराठीची आणि सण भाताचा. पिकलेल्या लोंब्या कापायच्या, धर्मगुरूंनी त्यांवर आशीर्वाद मागायचा, वाजतगाजत त्या देवळात न्यायच्या, मिस्सा झाली की प्रत्येक घराने एकेक लोंबी घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायची. चर्चला देऊळ म्हणणारे आणि घरात क्रूसाचा देव्हारा ठेवणारे हे लोक. गोव्यात हाच विधी कणसांचं फेस्त म्हणून ऑगस्टमध्ये होतो. ताळगावात 21 तारखेला, रायला 5 तारखेला.

आगेऱ्याच्या या वेळेत एक खुबी आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फक्त हळवं भात हाती आलेलं असतं. गरवं अजून शेतात उभं असतं आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. अलीकडे तर तो दिवाळीपर्यंत मुक्काम हलवत नाही आणि कापून ठेवलेले कडपे पाण्यात तरंगतात. म्हणजे हिशेब पूर्ण व्हायच्या आधीच आभार मानून टाकायचे. पीक किती येईल ते माहीत नाही, भाव काय मिळेल ते तर नाहीच नाही. कृतज्ञतेची ही रीत नफा-तोट्याच्या ताळेबंदावर बसत नाही, आणि म्हणूनच मला ती शहाणी वाटते. वर्ष चांगलं गेलं म्हणून पेढे वाटणं कुणालाही जमतं.

घाटावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रीत वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये मिशन अहमदनगरला पोचलं, आणि 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जी मंडळी उभी राहिली ती ज्वारी-बाजरीच्या मुलखातली, बहुतेक भूमिहीन. त्यांच्या हंगामाच्या सणाला वेदीपुढे जे येतं त्यात धान्याच्या पायलीबरोबर भोपळे असतात, अंडी असतात, पाय बांधलेली कोंबडी असते. उपासना संपली की मंडपात लिलाव. पन्नास रुपयांची कोंबडी तीनशेला जाते, घेणारा ती परत देवाला देऊन टाकतो, पुन्हा बोली लागते, आणि तीच कोंबडी तिसऱ्यांदा विकली जाताना ओरडून मंडप डोक्यावर घेते. पाळक गंभीर राहायचा प्रयत्न करतात. ज्याच्याकडे द्यायला एकच अंडं आहे त्याचंही अंडं लिलावात पुकारलं जातं, आणि बोली बऱ्याचदा त्याच अंड्याला चढते, कारण ते कुणाच्या घरून आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शहरात आल्यावर भोपळ्याची जागा पाकिटाने घेतली. रविवारच्या उपासनेत चिटणीस यादी वाचतात. अमुक कुटुंबाकडून नातवाच्या वाढदिवसानिमित्त उपकारस्तुती, दोनशे रुपये. तमुक बहिणीकडून शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल, पाचशे. नाव आणि रक्कम दोन्ही मोठ्याने. यात मिरवणं नाही असं कोण म्हणेल? आहेच. पण त्या यादीतून मंडळीला कळतं की कुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, आणि कुणाचं नाव सहा महिने यादीत आलेलंच नाही. शेवटचं कळणं सर्वांत कामाचं. जाणती बाई संध्याकाळी त्या घरी चक्कर टाकते.

हल्ली कृतज्ञतेचं मानसशास्त्र जोरात आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना दर आठवड्याला ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्यांचा बाजार फुलला. या वहीचा एक पूर्वज सोळाव्या शतकातला आहे. इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघीयांना जो रोजचा आत्मपरीक्षणाचा परिपाठ घालून दिला त्याची पहिली पायरीच मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार ही होती, पापांची उजळणी त्यानंतर. क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मात्र वही उशाखाली राहते. चिटणिसांची यादी चारचौघांत वाचली जाते, आणि चारचौघांत मानलेल्या आभारांना चारचौघांत जाब द्यावा लागतो.

असा जाब या समाजाने पुष्कळ दिला आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, मग 1899-1900 चा. या वर्षांत मिशनने अन्न दिलं, कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली आणि याच वर्षांच्या आगेमागे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. गावाने शिक्का मारला, धान्यासाठी बाटले. शिव्या देणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले की याच लोकांना सुकाळातही गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. पण टोमणा बोचत होता, कारण त्यात एक अडचणीचं सत्य लपलं होतं. भाकरी देवाने दिली असं म्हणायचं, आणि हात मात्र साहेबाचा दिसायचा. शाळा साहेबाची, दवाखाना साहेबाचा, पगारपत्रक साहेबाच्या टेबलावर. अशा वेळी उपकारस्तुतीचा मिंधेपणा व्हायला कितीसा वेळ लागतो?

नारायण वामन टिळकांना हे टोचलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 मध्ये जन्मलेल्या या कवीने फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. आजही मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी त्यांची गीतं भेटतात. त्यांतली ईश्वराबद्दलची कृतज्ञता वारकऱ्याच्या जातीची आहे, साहेबाच्या बंगल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची कल्पना होती. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांनी बसावं. मिशनऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं, काहींवर तर जीव होता. पण देवाचे आभार मानायला मध्ये पगारदार हात नको, असा तो हट्ट होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या हट्टाची घरातली किंमत सांगितली आहे. देव देतो म्हणून टिळक जे हाताला येईल ते दुसऱ्याला देऊन टाकत, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची हा प्रश्न बाईंपुढे उभा राही. नवऱ्याच्या कृतज्ञतेचं बिल बायकोने भरायचं, ही गोष्ट त्या इतक्या हसतखेळत लिहितात की वाचणाऱ्याला ओरखडा उशिरा कळतो.

पंडिता रमाबाईंचा मार्ग आणखी खडतर. त्यांचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेले. भुकेशी त्यांची ओळख पुस्तकातली नव्हती. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बाया केडगावला घेऊन आल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. त्या सदनाचं वैशिष्ट्य मला प्रार्थनेइतकंच कामात दिसतं. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि या मुलींनीच तिथलं बायबल छापलं. आलेल्या मुलीने आयुष्यभर दात्यांचे आभार मानत बसावं असं रमाबाईंना नको होतं. तिच्या हातात कसब हवं होतं. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम थांबवलं नाही. ते पुरं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. या शेवटच्या वर्षाला ‘देवाची इच्छा’ म्हणून गुळगुळीत करायची सवय व्याख्यानांतून दिसते. मला ती पटत नाही. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत, देवाशी भांडणारी आहेत, आणि आभाराच्या स्तोत्रांना चिकटूनच ती बांधली आहेत. रमाबाईंनी ती सगळी शब्द न् शब्द मराठीत आणली होती. कृतज्ञ माणसाने रडू नये असा नियम त्यांना त्या पोथीत सापडला नसणार.

याच संदर्भात प्रेषित पौलाची एक गोष्ट उपकारस्तुतीच्या सभांत नेहमी सांगतात, आणि नेहमी अर्धीच सांगतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकतात, पाय खोड्यात अडकवतात. मध्यरात्री ते दोघं देवाची स्तोत्रं गात असतात, भूकंप होतो, दारं उघडतात. इथे साक्ष देणारे थांबतात. बघा, संकटातही स्तुती! पण अध्याय पुढे चालू राहतो. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात की यांना सोडून द्या. सुटका मिळाली, आता गुपचूप निघायचं ना? पौल साफ नकार देतो. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता भर चौकात आम्हाला मारलंत, आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, असं तो बजावतो. अधिकारी घाबरून येतात आणि गयावया करतात. रात्री देवाचे आभार मानणारा हाच माणूस सकाळी हक्कावर अडून बसतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

कोनला हा उत्तरार्ध विशेष लागू आहे. इथे एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेत बांधलेल्या इमारती आहेत. त्यांतली 2,417 घरं गिरणी कामगारांना देण्यासाठी म्हाडाने डिसेंबर 2016 मध्ये सोडत काढली. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून 320 फुटांचं घर, किंमत 6 लाख. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपापासून मोजलं तर चौतीस वर्षांनी नंबर लागला. त्यानंतरही किल्ल्या लगेच मिळाल्या नाहीत. कोविडमध्ये या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्तीचा घोळ, मग देखभाल खर्चाचा. सोडतीत नाव लागलेल्यांपैकी काहींच्या घराचा ताबा पाहायला त्यांचे वारसच उरले.

गिरणगावात नगरकडून आलेली ख्रिस्ती माणसंही होती. भायखळा-नागपाडा भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920च्या दशकात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवलं आणि कामगार वस्तीतल्या त्या अनुभवातून 1936 मध्ये आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. म्हणजे वस्तीतल्या माणसाला खाऊ वाटण्यापेक्षा त्याची परिस्थिती समजून ती बदलावी, ही जाण त्या परंपरेत आधीच रुजली होती.

आता विचार करा. अशा सोडतीतून मिळालेल्या घरात कुणी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली तर ती कशाबद्दल? घर मोफत नाही, मेहरबानीचं तर मुळीच नाही. घामाच्या आणि संपातल्या उपासमारीच्या बदल्यात आलेला तो हक्क आहे, तोही उशिरा आणि अपुरा. चावीवाटपाच्या मांडवात पुढाऱ्यांचे फलक लागतात, फलकांवर ‘आभार’ छापलेलं असतं, आणि ते कामगारांच्या वतीने पुढाऱ्यांनी स्वतःच स्वतःचे मानलेले असतात! घरातली प्रार्थना या मांडवाला दिलेलं उत्तर होऊ शकते. आभार वर गेले की खाली कुणाचे पाय धरायची गरज उरत नाही. देवाने एवढी वर्षं तग धरायला बळ दिलं म्हणून उपकारस्तुती, आणि गळक्या पाइपबद्दल सोमवारी म्हाडाच्या कार्यालयात अर्ज. दोन्ही एकाच हस्ताक्षरात.

वर आभार मानण्यात एक पळवाटही आहे, आणि ती दडवणं बरोबर नाही. जेवणाआधी घरातला कर्ता डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो. स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत जी उभी असते तिचं नाव त्या प्रार्थनेत येतंच असं नाही. लावणी करणाऱ्या कातकरी बाईचं तर नाहीच. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जेवणापूर्वी आणि नंतर क्षणभर थांबून आभार मानायची जुनी सवय पुन्हा लावून घ्या असं सांगितलं, आणि तिथेच हेही जोडलं की ज्यांच्या श्रमांतून हे अन्न येतं त्यांची दखल यातून घेतली जाते. प्रार्थना तीस सेकंदांची असते. त्यात एक नाव वाढल्याने भात थंड होत नाही.

पनवेलजवळच नेऱ्याला शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीने तिथे कुष्ठरुग्णांच्या उपचाराचं आणि पुनर्वसनाचं काम केलं. ते गांधी परंपरेतलं काम, ख्रिस्ती नव्हे. पण लूकच्या शुभवर्तमानातली कृतज्ञतेची सर्वांत प्रसिद्ध कथा तिथून जवळच आहे असं मला वाटतं. येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो, एकच आभार मानायला परत येतो आणि तो शोमरोनी, म्हणजे त्या समाजाच्या लेखी हलका. प्रवचनांत उरलेल्या नऊ जणांना कृतघ्न ठरवून झोडपतात. त्यांची बाजू घ्यायचा मोह मला होतो. त्यांना सांगितलं होतं, याजकाला जाऊन शरीर दाखवा, म्हणजे समाज परत घेईल. ते तसेच गेले. घर, बायको, पोरं यांच्याकडे धावत सुटलेल्या माणसाला मागे वळायचं भान राहिलं नाही तर मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्याकडे बहुविध औषधोपचार 1980च्या दशकात आले, रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात टिकून होतं. 2019 मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती करून ते काढलं गेलं, त्यांत ख्रिस्ती लोकांना लागू असलेला 1869 चा घटस्फोट कायदाही होता. ज्यांना बरं होऊनही घराने दार उघडलं नाही, त्यांच्याकडून समाजाने आभाराची अपेक्षा करावी, हे जरा जास्तच झालं.

आभार मानायचे तर ज्याबद्दल मानतो ती गोष्ट राखायलाही हवी, हा धडा वसईने दिला. वसईचा ख्रिस्ती शेतकरी केळी, पानवेल, फुलं, भाजी पिकवणारा. आगाशीची सुकेळी त्याचीच. 1980च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर या हिरव्या पट्ट्यावर पडली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई’ची चळवळ घेऊन रस्त्यावर उतरले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अशी त्यांची ओळख नंतर महाराष्ट्रभर झाली, जुलै 2024 मध्ये ते गेले. चळवळीच्या काळात त्यांना धमक्या होत्या. विहिरीच्या गोड्या पाण्याबद्दल रविवारी देवाचे आभार मानायचे आणि सोमवारी तीच वाडी टँकर लॉबीला विकायची, हे त्यांना ढोंग वाटलं. सगळं वाचलं असं नाही. वसईत आज उभे असलेले टॉवर कोनच्या टॉवरसारखेच दिसतात.

कोनची खाचरंही किती वर्षं राहतील, कुणी सांगावं. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पनवेल तालुक्यातल्या जमिनीला आणखी पंख फुटले. मुंबईच्या गावठाणांतल्या देवळांत ही अवस्था कधीच आली आहे. तिथे आगेऱ्याच्या मिरवणुकीत लुगडी आहेत, बँड आहे, लोंब्यांना शेत मात्र उरलेलं नाही. त्या बाहेरून आणाव्या लागतात. त्यात कमीपणा नाही. फक्त देवळात लोंब्यांवर आशीर्वाद मागितला जाताना त्या कुठल्या गावच्या, कुणाच्या खाचरातल्या, हेही चिटणिसांनी यादीत वाचावं, धर्माची अट न घालता. दोनशे रुपयांच्या पाकिटाचं नाव वाचलं जातं, तर त्या शेतकऱ्याचं का नको? आणि त्याला भाव काय दिला, तेही.